एका वेळी एकच बदल

८ जानेवारी, गुरुवार

ही वही कारखान्याची आहे. पंप तपासणीचं रजिस्टर, अर्धं कोरं असताना रद्दीत निघालं होतं, मी उचलून आणलं. रकाने छापलेलेच आहेत: तारीख, काय तपासलं, काय आढळलं, तपासणाऱ्याची सही. डॉक्टर म्हणाले, रोज लिहा, गोळी किती वाजता, झोप किती, जेवण किती. मी म्हटलं, डॉक्टर, ते मला शिकवू नका, सव्वीस वर्षं तेच करतोय. पुढची पानं डॉक्टरांना दाखवायची. वही उलटी धरून मागून लिहितोय ते माझं मला.

तर पहिली नोंद. बायको सात महिने कामाला गेलेली नाही. वाचनालयात पुस्तकं द्यायच्या-घ्यायच्या खिडकीवर पंधरा वर्षं बसत होती. एक दिवस घरी आली आणि म्हणाली, "मला उद्या जायचं नाहीये." तो उद्या अजून चालूच आहे. आंघोळीला उठायचं म्हटलं तर अर्धा दिवस जातो. मी सगळं करून पाहिलं. समजावलं, ओरडलो, फिरायला नेलं. तुला कमी काय आहे, हेही विचारलं. त्यावर तिने खरंच विचार केला आणि म्हणाली, "काहीच नाही." आता यावर माणसाने काय बोलायचं?

डॉक्टरांनी नऊ मिनिटं घेतली. सकाळी एक पांढरी, संध्याकाळी एक पिवळी. इथवर ठीक. मग म्हणाले, शेजारच्या खोलीत एक बाई बसतात, दर गुरुवारी त्यांच्याशी तासभर बोलायचं. मी विचारलं, का, गोळी लागू पडणार नाही? म्हणाले, "पडेल ना. गोळीने उठायची ताकद येते. उठून जायचं कुठे, ते गोळीला ठाऊक नसतं. दोन्ही लागतं."

दोन्ही लागतं! म्हणजे दोन्हीपैकी कशाचीच खात्री नाही. आमच्याकडे कोणी असं बोललं तर त्याला पॅकिंगला पाठवतात.

९ जानेवारी

आठला पांढरी दिली. पाणी दिलं. "आ कर" म्हटलं, जीभ वर करायला लावून बघितलं. गिळली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आईलाही असंच करायचात."

करायचो. सासूबाई आमच्याकडे आठ वर्षं होत्या. त्यांचंही हेच दुखणं, फक्त फार पुढे गेलेलं. आल्या तेव्हा रडायच्या, भांडी फेकायच्या, दार उघडं दिसलं की रस्त्यावर. मी गोळ्या हातात घेतल्या आणि आठ वर्षांत एक चुकू दिली नाही. पुढे त्या खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसल्या, त्या शेवटपर्यंत. आवाज नाही, त्रास नाही. पाहुणे विचारायचे, आजी झोपल्यात का? जाग्या असायच्या. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, जावई असावा तर असा.

हे सगळं हिला पुन्हा सांगितलं. ती उठून आत गेली.

१५ जानेवारी

पहिला गुरुवार. माझी शिफ्ट तीनला सुटते, चारची वेळ घेतली. दार बंद झालं आणि मी बाहेर बाकावर. चार ते पाच. समोर पाण्याचं मशीन, त्याचा नळ थेंब थेंब गळतोय. तीस सेकंदांना एक थेंब. कोणाला पडलेली नाही.

पाचला बाहेर आली. डोळे लाल. मी विचारलं, काय बोललात? म्हणाली, "असंच." तासभर "असंच" बोलायला पैसे देऊन माणूस ठेवलाय, वा! मी त्या बाईंचं नाव "बोलक्या बाई" ठेवलं आहे. हिला आवडलं नाही. पण नाही आवडलं, हे तिने बोलून दाखवलं. बऱ्याच दिवसांनी.

५ फेब्रुवारी

मध्ये लिहिण्यासारखं काही झालं नाही, पुढची पानं भरलेली आहेत. आज मात्र लिहायला हवं. सकाळी चहाचा घोट घेऊन हिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "शी! कसला चहा हा. साखर आहे की नाही यात?"

आठ महिने मीच करतोय चहा, असाच. एकदा हूं की चूं केलं नाही. मी रागावणार होतो, पण उठलो आणि डबा आणला. साखर वाढवली. संध्याकाळी बघतो तर कपाटातून पुस्तक काढून शेवटचं पान वाचत बसली होती. ही आधी शेवटचं पान वाचते. म्हणते, शेवट वाईट असेल तर उगाच जीव लावायला नको.

गोळीला चार आठवडे झाले. डॉक्टरांनी तीन-चारच सांगितले होते. बरोब्बर.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हसली. आत, दाराआड, चार बावीसला. मी घड्याळ बघितलं म्हणून सांगतो. नुसती हसली नाही, खळखळून हसली, आणि त्या बाईही हसल्या. मी बाकावर. पाण्याचं मशीन गळतंय.

घरी वर्षभरात हसलेली नाही. तिच्या गोळ्या मी सांभाळायच्या, चहा मी करायचा, पाय मी चेपायचे, आणि हसायचं कोणापुढे? तर महिन्याभराच्या ओळखीच्या बाईपुढे. बसमध्ये विचारलं, कशाला हसलात एवढं? म्हणाली, "अहो, तिथलं तिथेच राहू दे ना." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खिडकीतून बाहेर बघत बसलो. मला स्वच्छ दिसतंय की तिथे माझ्या कागाळ्या चालतात.

१५ फेब्रुवारी

आज मोठं भांडण. ही म्हणाली, "आठ वर्षांत आईला एकदा तरी कोणी विचारलं का, तुला काय वाटतं म्हणून?" मी म्हटलं, मी काय कमी केलं? आठला पांढरी, चारला गुलाबी, नऊला निळी! म्हणाली, "गोळ्यांचं नाही बोलत मी." मग कशाचं? शब्दाने शब्द वाढला. तिने कप आपटला, कान तुटला कपाचा. हा आठवड्यातला तिसरा वाद. आधी या घरात वाद नव्हते.

ही भांडणाची भाषा त्या खोलीतून येते. गोळी माणसाला असं बोलायला शिकवत नाही.

१७ फेब्रुवारी

कारखान्यात आज एक पंप थरथरत होता. माझ्या शेजारच्या बेंचवर शिट्टी असतो, काम करताना शिट्टी वाजवतो म्हणून शिट्टी. मला काटा म्हणतात, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा. शिट्टीने सीलही बदललं आणि बेअरिंगही बदललं, एकदमच. थरथर थांबली. सगळे खूश. मी विचारलं, कशाने थांबली? म्हणे, "काटेसाहेब, थांबली ना? मग झालं तर!"

नाही झालं. उद्या तोच दोष दुसऱ्या पंपात आला तर काय बदलायचं? माझ्या बेंचवर मीच रंगवलेली पाटी आहे: एका वेळी एकच बदल. एक भाग काढायचा, बाकी सगळं तसंच ठेवायचं, बघायचं. मग तोच भाग परत बसवायचा आणि पुन्हा बघायचं. परिणाम परत दिसला तर खात्री. त्याशिवाय मी सही करत नाही. साहेबांनी सांगितलं तरी करत नाही.

घरी येताना डोक्यात तेच. आमच्याकडे दोन गोष्टी एका आठवड्यात सुरू झाल्या. चहाची चव कळायला लागली, पुस्तक हातात आलं, ते कशाने? आणि ही भांडणं कशाने? कोणी सांगू शकत नाही, कारण कोणी नीट तपासलेलंच नाही. गोळी काढता येत नाही, ती गरजेची. उरलं बोलणं.

सहा आठवडे. यात राग नाही, हेवा नाही. ही चाचणी आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत बोलक्या बाईंना फोन केला. वेळ मी घेतो, नंबर माझ्याकडेच आहे. म्हटलं, हिची आता यायची इच्छा नाही. बाई म्हणाल्या, "त्यांना फोन देता का?" म्हटलं, झोपलीय. त्यावर म्हणाल्या, "मागच्या वेळी आम्ही एका गोष्टीच्या अगदी जवळ आलो होतो. त्यांना म्हणावं, केव्हाही या." मी बरं म्हटलं.

घरी आलो तर ही तयार. इस्त्रीचे कपडे, केस विंचरलेले, चपला घालूनच बसली होती. मी सांगितलं, बाई मोठ्या रजेवर गेल्यात, घरचं काहीतरी आहे म्हणे. म्हणाली, "माझ्यासाठी काही निरोप?" म्हटलं, नाही.

"मला न सांगता गेल्या?"

"तू एकटीच आहेस का त्यांच्याकडे जाणारी?"

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा घरचे कपडे घातले होते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण सील काढताना पाणी थोडं सांडतंच.

५ मार्च

पहिला पूर्ण आठवडा. वाद: शून्य. गोळ्या: वेळेवर. चार वाजता घड्याळाकडे बघितलं तिने, मी पेपर वाचत होतो.

८ मार्च

आजपासून जीभ बघणं बंद केलं. गरजच नाही. मी गोळी हातावर ठेवली की स्वतःहून पाण्याचा पेला उचलते. इतकी शहाण्यासारखी वागतेय की माझी मलाच लाज वाटली, लहान मुलासारखं आ करायला लावायची.

१४ मार्च

वाद शून्य. झोप आठ तास, कधी नऊ. जेवते, वाढलं तेवढं. पुढच्या पानावर "स्थिर" असं लिहिलं. शिट्टीला हे सांगितलं. त्याची बायको जरा फटकळ आहे. म्हणाला, "काटेसाहेब, असली गोळी मलाही आणून द्या, हिच्या चहात घालतो." खूप हसलो.

चहावरून आठवलं. आज साखर घालायचीच विसरलो. माझा पहिला घोट घेताना कळलं. तिने कप पूर्ण संपवला होता.

१५ मार्च

आज मुद्दाम साखर घातली नाही. संपवला.

२६ मार्च, गुरुवार

डॉक्टरांकडे. वहीची पुढची पानं चाळली, मान डोलावली. "छान ठेवलीय हो नोंद. झोप चांगली, आहार चांगला. बोलणं चालू आहे ना शेजारी?" मी म्हटलं, सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे. हे अगदीच खोटं नाही, आधी सांगितल्याप्रमाणेच होतं. हिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मग खिडकीकडे. पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही तिने. सांभाळून घेतलं मला. शेवटी बायको माझी आहे.

डॉक्टरांनी विचारलं, बरं वाटतंय का? "हो," म्हणाली. सात मिनिटांत बाहेर. जाताना शेजारच्या दाराशी तिची पावलं हळू झाली. दार बंद होतं, आतून कोणाच्या तरी बोलण्याचा आवाज येत होता. मी तिचा दंड धरला आणि म्हटलं, चल, बस जाईल.

४ एप्रिल

सुट्टी होती. पुस्तकं परत कपाटात गेली आहेत, ही दिवसभर पलंगाच्या कडेवर बसून असते, पाठ दुखेल म्हणून माळ्यावरून सासूबाईंची वेताची खुर्ची काढली. चांगली भक्कम आहे अजून. ओल्या फडक्याने पुसली, एक पाय डगमगत होता तो पक्का केला, खिडकीशी ठेवली. म्हटलं, बस बघू, कशी वाटते?

ती दारात उभी राहून खुर्चीकडे बघत होती. मी हात धरून आणली. बसली. दोन्ही हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर, बरोबर तिथेच, जिथे वेत घासून गुळगुळीत झालाय.

म्हटलं, आरामात आहेस ना? म्हणाली, "हो."

आता पाठीची काळजी नाही. आज का कोण जाणे, मला जेवण गेलं नाही.

११ एप्रिल, शनिवार

आज घडलं ते क्रमाने लिहितो.

मेहुणी आली होती, हिची धाकटी बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. दोन महिन्यांनी आली. ताईला त्या खुर्चीत बघून दारातच थांबली. मला म्हणाली, "भावोजी, ही खुर्ची कोणी काढली?" मी सांगितलं, मी, पाठीसाठी. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या ताईवर हात उगारलाय.

मग तिच्या कुर्त्याचं बटण निघालं होतं म्हणून बटणांचा डबा काढायला गेली. आतून ओरडली. डब्यात बटणांखाली रुमाल, रुमालात पिवळ्या गोळ्या. मी मोजल्या. मी काय करणार दुसरं? एकतीस. जीभ बघणं बंद केल्यापासून काल संध्याकाळपर्यंत चौतीस दिवस होतात. म्हणजे तीन गिळल्या. कोणत्या तीन संध्याकाळी, ते आता कळायला मार्ग नाही.

मेहुणी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली होती. "ताई, कशासाठी ठेवल्यास? सांग ना मला. कशासाठी?"

ही म्हणाली, "अजून ठरवलं नव्हतं."

अगदी साध्या आवाजात. भाजी कोणती करायची ते ठरवलं नव्हतं, अशा आवाजात. मी ओट्याला धरून उभा राहिलो आणि मनात काय आलं असेल? लिहितो, लाज वाटली तरी लिहितो. मनात आलं की म्हणजे चाचणी बाद. गोळीही पुरती नव्हती, बोलणंही नव्हतं. सहा आठवडे मी काहीच तपासत नव्हतो.

रुमाल मेहुणीने तिच्या पर्समध्ये टाकला. आज ती इथेच राहिली आहे.

१३ एप्रिल, सोमवार

तिघे डॉक्टरांकडे. या वेळी नऊ मिनिटं नाहीत, पाऊण तास. डॉक्टर म्हणाले, "बाईंच्या लक्षात कसं आलं नाही हे? दर गुरुवारी भेटतात ना?" आणि त्यांनी टेबलावरचा फोन उचलून शेजारी लावला. एवढंच अंतर होतं. एक भिंत. तीन महिन्यांत त्या भिंतीतून दोघं एकदा एकमेकांशी बोलली असती तर माझी डाळ शिजली नसती. हे मी माझा दोष दुसऱ्यावर ढकलायला लिहीत नाही. थोडंसं त्यासाठीही लिहितो.

बोलक्या बाई आल्या. हिला बघून खाली बसल्या, हात हातात घेतला. ही म्हणाली, "रजा संपली तुमची?"

बाई म्हणाल्या, "कसली रजा? मी एक दिवसही रजा घेतलेली नाही. तुम्हाला यायचं नाही, असा फोन होता."

मेहुणीने डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता ही ओरडेल, कप फेकेल, काहीतरी. मी वाट बघत होतो. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं, त्यांनाही माझा कंटाळा आला."

डॉक्टरांनी माझी वही उघडली. मला वाटलं माझ्या अंगावर फेकणार. म्हणाले, "झोप आठ तास. जेवण दोन वेळा. स्थिर. यात खोटं काहीच नाही, नाही का? मीही हेच वाचलं आणि पुढचा पेशंट बोलावला." मग त्यांनी वही मिटली आणि कपाळ चोळत बसले.

१६ एप्रिल, गुरुवार

आज मला आत बोलावलं. एकदाची बघितली ती खोली. काही नाही तिथे. तीन खुर्च्या, एक कुंडी, भिंतीवर घड्याळ. मी काय काय कल्पना केल्या होत्या.

बाई म्हणाल्या, का केलंत ते तुमच्या शब्दांत सांगा. मी सांगितलं. पंप सांगितला, सील आणि बेअरिंग सांगितलं, पाटी सांगितली. तुझ्या भल्यासाठीच, असं म्हणालो. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं. शेवटी म्हटलं, "मला वाटायचं, तू इथे माझ्या कागाळ्या करतेस."

ही म्हणाली, "तुमचा विषय दोनदा निघाला असेल."

दोनदा! सहा गुरुवार मी त्या बाकावर जळत बसलो होतो.

"मग त्या दिवशी हसलीस कशाला?"

"आई बरी होती तेव्हा टपालवाल्याची नक्कल करायची. यांना करून दाखवली."

मला ठाऊकच नव्हतं की सासूबाई नक्कल करायच्या. आठ वर्षं घरात होत्या.

मग ती बोलली. इतकं सलग मी तिला कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. "आई त्या खुर्चीत बसून काय विचार करायची, तुम्हाला माहितीये? नाही. मलाही नाही. मी घरातच होते ना. मीही कधी विचारलं नाही. तुम्ही गोळी देत होतात, ती गप्प होती, मला सोयीचं होतं. मी निवांत वाचनालयात जायचे. तेच सांगायला येत होते इथे. तुमचं नाही हो, माझं सांगायला. सहाव्या वेळी जेमतेम तोंडात आलं होतं." ती थांबली. "आणि मग तुम्ही मला तिच्या खुर्चीत बसवलंत."

मी म्हटलं, पाठीसाठी.

ती नखाने बोटाची कड खरवडत होती. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "गोळ्या घेईन मी. डॉक्टरांना शब्द दिलाय. इथेही येईन. दोन्ही तसंच ठेवायचं. एका वेळी एकच बदल ना तुमचा? मग मी तुम्हाला काढून बघते."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तुम्ही किती ठरवले होते?"

"सहा आठवडे."

"मग तेवढेच."

१८ एप्रिल, शनिवार

मेहुणी न्यायला आली. मी गोळ्यांचा डबा भरून ठेवला होता, आठवड्याचे सात कप्पे, सकाळ वेगळी, संध्याकाळ वेगळी. मेहुणीला समजावून सांगायला लागलो तर हिने मधेच डबा माझ्या हातातून घेतला आणि पिशवीत टाकला. म्हणाली, "माझ्या मी घेईन." डॉक्टरांनी सध्या एका आठवड्याच्याच द्यायचं ठरवलंय, बहिणीसमोर घ्यायच्या. मला कोणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, ती खुर्ची आजच टाकून देतो.

दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "राहू द्या. तुम्हाला होईल बसायला."

२ मे

वहीची पुढची पानं कोरी आहेत. लिहायला काही नाही. झोप चार तास, माझी. ती कोणाला दाखवायची?

आज बसलो खुर्चीत. तिथून काय दिसतं ते बघायला. समोरच्या इमारतीची भिंत दिसते, पाण्याचा पाइप, आणि मान ताणली तर रस्त्याचा हाताएवढा तुकडा. बाकी काही नाही. मी अर्धा तास बसलो, जास्त बसवेना. आठ वर्षांचे तास किती होतात ते मोजायला घेतलं आणि मधेच सोडलं.

कारखान्यात शिट्टी म्हणाला, "काटेसाहेब, वहिनी कशा आहेत?" म्हटलं, बहिणीकडे गेलीय, हवापालट. म्हणाला, "मजा आहे मग तुमची!" मी पंप लावला आणि मोटर सुरू केली, म्हणजे बोलणं ऐकू येत नाही.

३० मे, शनिवार

सहा आठवडे आज पूर्ण.

सकाळी मेहुणीचा फोन. मी विचारलं ते तिने नीट सांगितलं, तिचे उपकार मानायला हवेत. गोळ्या रोज घेते. गुरुवार एकही चुकला नाही. मागच्या सोमवारपासून वाचनालयात अर्धा दिवस जायला लागली. झोप सहा तास, आठ नाही. घरात तिचे आणि मेहुणीचे दोनदा कडाक्याचे वाजले, एकदा चहावरून. "पण भावोजी, परवा पोरांना आईसारखा टपालवाला करून दाखवला हो तिने," असं म्हणून मेहुणीने फोन तिच्याकडे दिला.

मग ही फोनवर आली. सहा आठवड्यांनी आवाज ऐकला. मी उभा राहिलो, का ते माहीत नाही.

"संपले सहा आठवडे," म्हणाली. "लिहिलात निकाल?"

"लिहितो आज."

"आता पुढे काय असतं तुमच्या नियमात?"

पुढे काय असतं ते तिला चांगलं ठाऊक आहे. सव्वीस वर्षं जेवताना तिने दुसरं ऐकलंय काय? काढलेला भाग परत बसवून बघायचा. दोष परत आला तर खात्री. त्याशिवाय काटा सही करत नाही.

माझ्या जिभेवर आलं होतं, ये. नुसतं ये. साखर घालीन चहात, जीभ बघणार नाही, त्या बाकावर वर्षभर गप्प बसेन. ती पलीकडे थांबली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. घाई करत नव्हती. तिने खरंच माझ्यावर सोडलं होतं.

म्हटलं, "नियमात पुढे काही नसतं. इथेच थांबतात."

ती म्हणाली, "बरं." आणि मग, "जेवता ना तुम्ही?" मी हो म्हटलं. फोन ठेवला.

वही पुढून उघडली. निकाल पुढच्या पानावरच लिहायचा असतो.

काय तपासलं: बायकोची तब्येत. गोळ्या तशाच, बोलणं तसंच, नवरा काढला.

काय आढळलं: सुधारणा.

परत बसवून खात्री: केली नाही. अशी नोंद माझ्या बेंचवर आली असती तर मी सही केली नसती.

तपासणाऱ्याची सही: केली.